चांगू, आपन जित्ती मासळी बघितली

चांगू, तू गेलीस त्याला पंधरा दिस झाले, नि अजून बायका मला इचारतात, कोळनी मासळी बघायला कशाला गेलेल्या? बाजारात माझ्या शेजारची तुझी जागा तशीच हाय. तिथं कोन बसत न्हाय. मी बसू देत न्हाय. गिऱ्हाईक येतं, तुझ्या जागेकडं बघतं, मंग माझ्याकडं बघतं, नि म्हनतं, काकू, तुम्ही दोघी जावा मत्स्यालयात गेलेल्या म्हने, काय बघितलं? मी म्हनते, मासे. ते हसतात.

मला ते सांगता येत न्हाय. तुला सांगायची गरज न्हाय, तू माझ्या बाजूला उभी होतीस. म्हनून तुझ्याशीच बोलते. नंदा लिहून घेतेय. मी दुसरी शिकलेली, तू तेवढीबी न्हाय. तुझी पोर मातर भराभर लिहिते, मी बोलायच्या आधी तिचा हात पुढं जातो.

नंदाच्या नव्या घराची पूजा न्हवती तर आपन पनवेल कशाला बघितलं असतं? दिघीची फेरी धरली, पलीकडं आगरदांड्याला एस.टी. धरली, नि तू सगळ्या रस्त्यानं खिडकीला डोकं लावून झोपलीस. पूजेच्या दुसऱ्या दिवशी नंदा म्हनाली, चला, तुम्हाला मासे दाखवते. तू म्हनालीस, बाजारात नेतेस व्हय? ती म्हनाली, न्हाय गो आई, जित्ते. तिकिटाच्या खिडकीवर तर तू त्या पोरीला ऐकवलंसच, की जन्मभर लोकांना मासे दाखवून पोट भरलं, आता बघायचे पैसेबी आमीच द्यायचे का. ती पोरगी एवढी हसली की तिकिटं खाली पडली तिची.

आत काळोख, गारवा, नि काचांमागं उजेड. पयल्या काचांत बारके, रंगीत, परदेशातले. तू म्हनालीस ही खेळनी हायत, पुढं चल. मंग जिताडा आला.

तू थांबलीस. मीबी थांबले. किती जिताडे कापले असतील आपन, चांगू? लग्नाचे, बारशाचे, मुंबईवरनं गाडी घेऊन येनाऱ्या शेठलोकांचे. आपल्याला ठाऊक तो बर्फातला. राखाडी, ताठ, डोळ्यावर साय आलेला. हा निराळाच. मी चांदीचा म्हननार होते, पन चांदी येका जागी चमकते. हा वळला की उजेड डोक्याकडनं शेपटाकडं जायचा नि परत यायचा, पान्यावरनं वारा जातो तसा. काय न करता उभा होता मधोमध. ना खाली टेकलेला, ना वर टांगलेला. मला कळेना त्याला धरलाय कोनी.

नि माझा हात पुढं गेला. कल्ला उघडून बघायला. सवय, दुसरं काय. बोटं काचेवर आपटली नि तू खुदकन हसलीस. म्हनालीस, ताजा हाय वयनी, घे.

पन तो कल्ला सोताहून उघडत होता. उघडायचा, मिटायचा. आतलं लाल दिसायचं, जायचं. साठ वर्सं ते लाल मी बोटानं उघडून गिऱ्हाइकाला दाखवलं, बघ बाय, कसा लालभडक हाय. मला कदी वाटलंच न्हाय की तो हलतो. आपल्यात बाईमानूस मासेमारीच्या होडीत बसत न्हाय. होडी धक्क्याला लागली की आपलं काम सुरू, नि तंवर मासा माल झालेला असतो. कदी येखादा शिंगाळा पाटीत तासभर तडफडतो, खेकडे जित्ते येतात. पन ते जित्तं न्हवं, ते मरायचं राहिलेलं. जिताडा जगतो कसा ते मी म्हातारपनी बघितलं. माझ्या डोळ्यांत पानी आलं. तुला दिसू नये म्हनून मी पाटी वाचायचं सोंग केलं.

तुला कुठं सोंग लागत होतं? तू बोलत सुटलीस. हे सापासारखं वाम, चिखलात भोक करून ऱ्हातं, हात घालशील तर बोट घेऊन जाईल. हे शेवंड, ह्याला पुढं चालता येतं तसं मागं पळता येतं. चपट्या पंखांच्या पाखटापाशी तर शहरातली दहाबारा मानसं तुझ्याभवती गोळा झाली. तू त्यांना शेपटीतला काटा दाखवलास, म्हनालीस पायात घुसला तर दोन दिस आईचं नाव घेशील. काचेला हात लावू नका म्हनून सांगायला पहारेकरी आला नि ऐकतच ऱ्हायला. येका बाईनं तुला इचारलं, आजी, तुम्ही इथं कामाला का?

तू म्हनालीस, "न्हाय गो. हे सगळे माझ्याकडं कामाला होते."

मी तुला येवढी मोकळी कदी बघितली न्हवती. तुझ्या लग्नात बघितली असंल. तवा तू सोळा वर्सांची, नि पांडू, माझा धाकला दीर, तुझ्यामागं मांजरासारखा फिरायचा.

आता ते सांगते. नंदे, लिही.

पांडू नि माझा मानूस येकाच होडीवर. त्या दिवशी चार गेले, तीन आले. वारा फिरला, दोर पायात आला, पुढचं कोनी नीट सांगितलं न्हाय, मीबी इचारलं न्हाय. तुला पाचवा महिना. आपन तीन दिस वाळूत बसलो, कारन दर्या तिसऱ्या दिवशी मानूस परत देतो म्हनतात. चौथ्या दिवशी बाकीच्या बायका उठल्या. तू सातव्या दिवशी उठलीस. घरी आलीस, मी भात नि बोंबलाचं कालवन पुढं ठेवलं, तू ताट लोटलंस. म्हनालीस, माझ्या मानसाला ज्यांनी खाल्लं त्यांना मी खायची न्हाय.

आपल्याकडं मानूस दर्यात गेला की घरचे काही दिस मासळी खात न्हाईत. सगळेच पाळतात. मंग पोट मागतं नि परत सुरू होतं. तू सुरू केलंच न्हाय. मासळी इकलीस, कापलीस, वाळवलीस, माझ्या पोरांना काटे काढून भरवलीस, नि सोता भात नि मीठ. कोळीवाड्यात बायका म्हनायच्या, चांगुनाची बामनीन झाली. तू ऐकून घ्यायचीस नि कोयता चालवायचीस. तुझा कोयता सगळ्यांत भारी चालायचा, मला वाटायचं हिचा राग हातात उतरलाय. नि कापता कापता मधेच इचारायचीस, वयनी, खाली काळोख असंल का? मी म्हनायचे, गप, वाटे लाव. दर महिन्या-दोन महिन्यांनी इचारायचीस. दरवेळी मी तेच म्हनायचे. गिऱ्हाईक उभं असायचं.

नंदा झाली ती भर पावसात. होड्या बंद, घरात तांदूळ, डाळ, परसातली वांगी नि सुकी मासळी, त्याबिगर काय न्हाय. तुझ्या अंगाला दूध न्हवतं. पोर रडायची ती मांजराच्या पिल्लासारखी, बारीक. सुईन म्हनाली, बाळंतिनीला सुक्या मुशीचं कालवन द्या, दूध उतरंल. तू भिंतीकडं तोंड केलंस. मी पाया पडले तुझ्या, मी मोठी असून. तू म्हनालीस, मी सांगितलंय वयनी. चार दिस असे गेले. पाचव्या दिवशी पोरगी रडायची थांबली. रडायची ताकद संपली तिची.

मंग मी सुका जवळा भाजला, पाट्यावर वाटला, पीठ केलं, नि तुझ्या वांग्यात घातला. दुसऱ्या दिवशी आमटीत घातला. आपलं घर, लुगडी, केस, सगळ्याला मासळीचाच वास, मला वाटलं तुला वेगळं काय कळनार? तू खाल्लंस. पोरीला पेजेच्या पान्यावर तगवली, आठ दिसांत दूध आलं. पोरगी चालायला लागेपरेंत मी रोज घालत होते, नि रोज तुझ्या तोंडाकडं बघत होते.

नंदाचा हात थांबलाय. लिही गो बाय. तुझ्यासाठीच केलं, नि केलं ते केलं.

चांगू, मी तुझी शपथ मोडली नि तुला कळू दिलं न्हाय. चाळीस वर्सांवर झाली. लोकांपुढं तू अभिमानानं सांगायचीस, त्याच्यामागं येक काटा तोंडात घेतला न्हाय मी. तवा मी उठून पानी प्यायला जायचे. माझा मानूस मरताना मी त्याला सांगितलं. तो म्हनाला, तिला सांग. मी म्हनलं, सांगीन. न्हाय सांगितलं. तुझ्याजवळ त्या शपथीबिगर होतं काय? तीच मी काढून घेऊ?

तर त्या दिवशी शेवटी ती मोठी काच आली. आपल्या घरापेक्षा मोठी. समोर बाकडं होतं. नंदा चहा आनायला गेली नि आपन दोघी बसलो. आत मुशी फिरत होत्या, हेकरू मासा होता म्हशीच्या रेडकायेवढा, नि पाखटं उडत होती. उडतच होती ती, पोहत न्हवती. पंख उचलायची, सोडायची, आवाज न्हाय काय न्हाय. येक काचेला लागून वर गेलं नि त्याचं पोट दिसलं, पांढरं, त्यावर तोंड, झोपेत हसनाऱ्या पोराच्या तोंडासारखं. पाखटाचं पोट मी हजार वेळा फाडलंय. त्यावर चेहरा हाय हे मला ठाऊक न्हवतं.

तू माझा हात धरलास. आपल्यात कुठं असं हात धरतात? म्हनालीस, "वयनी, खाली असं असतं?"

मी काय म्हनले ते तुला ठाऊक हाय. मी म्हनले, काचेतलं पानी हाय ते, गाळलेलं. आपल्या दर्यात चिखल, सोताचा हात दिसत न्हाय.

तू म्हनालीस, वरून चिखल. खाली कोनी बघितलंय?

मी म्हनले, जे गेले ते सांगायला आले न्हाईत.

कशाला बोलले मी ते? व्हय म्हनायला काय लागत होतं? व्हय चांगू, असंच असतं, असा उजेड असतो, असं गप असतं. तुझ्या म्हातारपनी येक व्हय तुला दिलं असतं तर माझं काय गेलं असतं? मला खोटं बोलता येत न्हाय असं न्हाय, ते तर सगळ्यांत मोठं तुझ्याशीच बोलले होते. दहाव्याला तुझ्या अस्थी खाडीच्या तोंडाशी सोडल्या तवा पानी गढूळच होतं. मी वाकून बघितलं. तू असतीस तर भांडली असतीस माझ्याशी, नि मी भांडू दिलं असतं.

त्या दिवशीबी तू भांडनार होतीस. तेवढ्यात वरनं पान्यात येक काठी आली, तिच्या टोकाला बांगड्याचा तुकडा. मासळीला चारायची येळ झालेली. तू लगेच म्हनालीस, तुकडा वाकडा कापलाय, नि बांगडा कालचा हाय. मला हसू आलं. मंग सगळे मासे फिरले. सगळे येकदम. हेकरूनं तोंड उघडलं नि तुकडा आत गेला, कुठं गेला कळलंच न्हाय. येक तुकडा सुटून खाली वाळूत पडला.

येक पाखट आलं. हळू आलं, घाई न्हाय. त्या तुकड्यावर बसलं, दोनी पंख बाजूंनी खाली टेकवले, सगळं झाकून घेतलं. जरा वेळ तसंच बसलं. पाजायला बसलेली बाई पोरावर पदर ओढते, आत काय चाललंय ते जगाला दिसू देत न्हाय, तसं. मंग उठलं. वाळू साफ. काय न्हाय उरलेलं.

मला तुझ्याकडं बघवेना. मला वाटलं आता ही उठनार, ओरडनार, न्हायतर छाती धरून खाली बसनार. चाळीस वर्सं जे डोळे मिटून बघितलं ते हिला उघड्या डोळ्यांनी दिसलं.

तू बघत ऱ्हायलीस. दुसरं पाखट आलं, तिसरं आलं. काठी वर गेली तरी तू बघत होतीस. तुझ्या तोंडावर निळा उजेड हालत होता नि तू मला त्या सोळा वर्सांच्या पोरीसारखी दिसलीस. मंग हळूच म्हनालीस, "त्यांना भूक लागलेली, वयनी. मी उगाच रुसले त्यांच्यावर."

येवढंच. रडली न्हाईस. मी रडले. मला वाटलं आता सांगावं, चांगू, मीबी भुकेपायीच केलं, पोरीच्या भुकेपायी. तोंड उघडलं मी. नंदा चहा घेऊन आली. तू म्हनालीस साखर कमी हाय. राहिलं ते.

परत येताना तू झोपली न्हाईस. फेरीवर कठड्याला धरून उभी होतीस, पान्यात बघत. आजूबाजूची पोरं फोटो काढत होती, कोनी पान्याकडं बघत न्हवतं. मीबी तुझ्या बाजूला जाऊन बघायला लागले. काय दिसत न्हवतं. पन खाली ते सगळे हायत, पंख उचलतात, सोडतात, हे आता ठाऊक होतं. ज्या पान्याच्या काठी सत्तर वर्सं काढली ते पानी मला पयल्यांदा भरलेलं वाटलं.

मंग आठवडा गेला. बाजार, बर्फ, वाटे, रोजचंच. तो रविवार आठवतो का? मी मुशीचं कालवन केलेलं. तुझा भात नि वालाची आमटी रोजच्यासारखी वेगळ्या टोपात. तू आलीस, ताट घेऊन चुलीजवळ बसलीस, नि आमटीच्या टोपावर झाकन ठेवलंस. ताट कालवनाकडं सरकवलंस. म्हनालीस, घाल.

मी तुझ्या तोंडाकडं बघितलं. कालवन घातलं, रस्सा ताटाबाहेर गेला. दोन तुकडे घातले. तू भात कालवलास, तुकडा मोडलास, मधला कुरकुरीत काटा बोटानं बाजूला केलास. हात काय इसरला न्हवता. पयला घास घेतलास नि डोळे मिटून चावलास. सावकाश. मी पळी धरून उभी.

तू घास गिळलास, नि माझ्याकडं न बघता म्हनालीस, "मीठ कमी हाय, वयनी. वांग्यात जवळा घालायचीस तवाबी कमीच असायचं."

चांगू, कोळीन तू. डोळे बांधून ताजी नि शिळी ओळखनारी. मी चार मुठी जवळा वाटून तुझ्या पानात घातला नि समजले हिला कळलं न्हाय. माझ्याइतकी येडी साऱ्या किनाऱ्यावर न्हाय. तू पयल्याच घासाला ओळखलंस, नि खाल्लंस. वर्सभर रोज ओळखलंस नि रोज खाल्लंस, पोरीसाठी. नि मंग गावापुढं सांगायचीस मी येक काटा तोंडात घेतला न्हाय, ते कोनासाठी? माझ्यासाठी? मला वाटायचं मी तुला सांभाळते. येकदा तरी बोलायचंस गो. चाळीस वर्सं मी पानी प्यायला उठत होते, तू बघत होतीस.

हे सगळं मला आता सुचतंय. त्या वक्ताला काय सुचलं न्हाय, नि नंतर इचारायला तू ठेवलं न्हाईस. पुढच्या रविवारच्या आत गेलीस. रागावलेलीस का हसत होतीस, तेबी मला सांगता यायचं न्हाय. तुझं तोंड ताटात होतं.

मी मिठाची बरनी आनून तुझ्यापुढं ठेवली. तू चिमूट घेतलीस, कालवलीस, नि पुढचा घास घेतलास. मंग मी माझं ताट वाढून घेतलं नि तुझ्या बाजूला बसले. तू म्हनालीस, शेपटीकडचा तुकडा मला दे. मी दिला.